बिनहेल्मेटचा फोटो

केवलराम लांजेवारांनी कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्या माणसाचा हात आपोआप डोक्याकडे जातो, ही गोष्ट सगळ्यात आधी त्यांच्या बायकोच्या, वंदनाबाईंच्या लक्षात आली. खुद्द केवलरामांना ती कळायला अख्खा उन्हाळा आणि वर अर्धा पावसाळा जावा लागला. दुसऱ्याच्या चुका लांबून टिपणाऱ्या माणसाचं स्वतःच्या बाबतीत असंच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

झालं होतं असं, की केवलरामांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये गेली. भंडाऱ्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा भिलाईला आला, प्लांटमध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात एक कॅमेरा आला. काम एकच. कोणी बिनहेल्मेटचा दिसला, कोणाचा पट्टा हनुवटीखाली लोंबताना दिसला, कोणी बेल्ट न लावता उंचावर चढलेला दिसला, की फोटो काढायचा. सोमवारी तो फोटो फळ्यावर लागायचा आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘असुरक्षित काम’. खाली नाव नसायचं. पण नावाची गरज होती कोणाला? लोक पाठमोऱ्या माणसालाही बुटांवरून ओळखायचे आणि मग आठवडाभर कँटीनमध्ये त्याची जी थट्टा व्हायची, तिच्यापुढे मेमो परवडला.

त्यामुळे लांजेवार साहेबांचा कॅमेरा वर आला रे आला, की अख्ख्या वर्कशॉपचे हात डोक्यावर. हेल्मेट आहे ना? पट्टा लागला ना? एकदा डिपार्टमेंटची सहल मैत्रीबागेत गेली होती. केवलरामांनी मोठ्या हौसेनं सगळ्यांना वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं केलं आणि ग्रुप फोटो काढला. फोटोत सगळ्यांचे उजवे हात आपापल्या टाळूवर होते. वाघ तेवढा मोकळा बसलेला होता.

रिटायर झाल्यावर केवलराम सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून बोरसीला, स्वतःच्या घरात राहायला आले. मुलगा अंकुर पुण्याला असतो. त्यानं बापाला एक चांगला कॅमेरा भेट दिला. ‘बाबा, टाइमपास होऊन जाईल,’ एवढाच त्याचा हेतू. पण ज्या माणसानं आयुष्यात कधी टाइमपास केला नाही, त्याच्या हातात टाइमपास दिला तर तो त्याचंही डिपार्टमेंट करून टाकतो. केवलराम मोबाइलवर रोज सकाळी एका वेणीवाल्या मास्तराचे व्हिडिओ बघू लागले. हा मास्तर रस्त्यावरच्या माणसांचे काळे-पांढरे फोटो काढायला शिकवायचा. त्याची दोन वाक्यं केवलरामांना देववाणीसारखी पाठ झाली. एक, रंग काढून टाकला की माणूस उरतो. दोन, रस्त्यावर अदृश्य व्हा.

पहिलं वाक्य त्यांना मनापासून पटलं. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सावध, हिरवा म्हणजे जा. रंगांकडे असं बघून बघून त्यांचे डोळे थकले होते. त्यांनी कॅमेऱ्याचं बटण काळ्या-पांढऱ्यावर नेलं आणि तिथंच ठेवलं.

दुसरं वाक्य मात्र अवघड होतं. भिलाईत लांजेवार साहेबांनी अदृश्य व्हायचं म्हणजे भोंग्यानं मुकं व्हायचं.

सिव्हिक सेंटरसमोर सकाळचं तिरपं ऊन छान पडतं, सावल्या लांब होतात. केवलराम एका झाडामागे दबा धरून बसले. सायकलवरून एक माणूस आला, त्याची सावली रस्त्यावर ताणली गेली, केवलरामांनी श्वास रोखून कॅमेरा वर केला. सायकलवाल्यानं कचकन ब्रेक मारला, खाली उतरला, हँडलला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा लावला आणि म्हणाला, “नमस्ते साहब. बस अभी पहन ही रहा था.”

पॉवर हाउस स्टेशनजवळ रस्त्यावरचा न्हावी एकाची दाढी करत होता. आरसा, फेस, मागून येणारा उजेड, सगळं जमून आलेलं. कॅमेरा वर गेला. फेसाळलेल्या गिऱ्हाइकानं डोळे उघडले आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. हा न्हावी प्लांटमध्ये कधीच नव्हता, पण त्याचं गिऱ्हाईक सगळं प्लांटचंच. त्यालाही संसर्ग झाला असावा, कारण त्यानंही घाईघाईनं आपली टोपी सरळ केली.

वंदनाबाई रोज संध्याकाळी हे फोटो बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी सांगूनच टाकलं.

“अवो, तुमच्या लक्षात आलं का? तुमच्या फोटूतले सगळे लोक एकाच देवाले नमस्कार करून राहिले.”

“म्हणजे?”

“डोक्यावर हात पाहा ना सगळ्याईचे.”

केवलरामांनी चष्मा पुसला. मग पुन्हा एकदा सगळे फोटो बघितले. फोटो संपले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. वंदनाबाईंना वाटलं होतं, नवरा हसेल. तो हसला नाही.

“म्हणजे लोक मले अजूनही घाबरते,” ते एवढंच म्हणाले.

आता खरं सांगायचं तर केवलराम काही कठोर माणूस नव्हते. सकाळी मांजरीला दूध घालताना तिची माफी मागणारा हा मनुष्य. पण रिटायर झाल्यापासून त्यांच्या मनात एक बोच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. निरोप समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, दोन भाषणं झाली. त्यानंतर कोणाचा फोन नाही की घरी येणं नाही. इतकी वर्षं ज्यांच्या डोक्यांची काळजी केली, त्यांच्या लेखी आपण नुसतं एक बुजगावणं होतो की काय, हा प्रश्न त्यांना छळायचा. त्या फोटोंनी जणू त्याचं उत्तरच दिलं.

नेमका त्याच आठवड्यात अंकुरचा फोन आला. पुण्यात तो भाड्याचं घर बदलत होता. दोन खोल्यांचं घ्यायचं की तीन, एवढाच प्रश्न होता. आई-बाबा कायमचे येणार असतील तर तीन. घरमालकाला घट बसायच्या आत सांगायचं होतं.

“बाबा, यार, वहाँ अब है कौन आपका?” अंकुरनं विचारलं. वाईट हेतू नव्हता पोराचा. पण वाक्य नेमकं ठणकत्या जागी बसलं.

फोन ठेवल्यावर केवलराम बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग आत येऊन म्हणाले, “ऐक. घट बसायच्या आत मले या गावातल्या एका तरी माणसाचा फोटू भेटला पायजे, का ज्याच्यात तो मले घाबरला नसन. एक फोटू. भेटला त आपण इथंच राहू. नाही भेटला त पुण्याले जाऊ.”

वंदनाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“म्हणजे माहं घरदार तुमी त्या कॅमेऱ्याले टांगलं का?”

“तुले काय वाटते? जायचं का राहायचं?”

“मले काय वाटते ते कॅमेऱ्याले इचारा,” असं म्हणून वंदनाबाईंनी मेथीची जुडी अशी काही झटकली, की निम्मी पानं जमिनीवर गेली. त्यांना जायचं नव्हतं. सकाळचं भजनी मंडळ होतं, दुर्गला बहीण तारा होती, दारातल्या शेवंतीला आत्ता कुठं कळ्या धरू लागल्या होत्या. पण नवरा इथं एकटा पडला असेल तर त्याला इथं डांबून ठेवायचं कशाला, हेही त्यांना दिसत होतं. म्हणून त्या गप्प बसल्या, आणि वंदनाबाई गप्प बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर.

केवलराम दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. त्यांनी तोंडाला गमछा बांधून पाहिला. “गमछा बांधला का डाकू दिसता,” वंदनाबाई म्हणाल्या, “पण डाकू लांजेवार दिसता.” आणि तसंच झालं. सेक्टर सहाच्या चौकात एका अनोळखी बाईंनी स्कूटी थांबवून त्यांना हेल्मेटची काच पुसून दाखवली.

मग ते सेक्टर दहाला गेले. दुपारची वेळ होती. टाउनशिपचे ते रुंद, सावलीचे रस्ते दुपारी इतके शांत असतात, की वाळलेलं पान सरकलं तरी ऐकू येतं. ते आपल्या जुन्या क्वार्टरसमोर उभे राहिले. गॅलरीत दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते. लहान मुलाचा एक फ्रॉक, एक प्लांटचा युनिफॉर्म. अंकुरनं लहानपणी भिंतीवर खिळ्यानं कोरलेलं झुक-झुक इंजिन मात्र अजून तिथंच होतं, नव्या रंगाखालून थोडंसं वर आलेलं. केवलरामांनी कॅमेरा वर केला नाही. त्यांना एकदम भडभडून आलं. या गावानं आपल्याला पोटाला दिलं, पोराला शिकवलं, म्हातारपणी डोक्यावर छप्पर दिलं, आणि आपल्याला त्यातला एक चेहरा मोकळेपणी आपल्याकडे बघताना सापडू नये? रस्त्याच्या कडेला एक कुत्रा झोपला होता. निदान त्याचा तरी फोटो घ्यावा म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला, तर तो उठून ताठ बसला.

परतताना चहाच्या ठेल्यावर चिंधू नंदेश्वर भेटला. चिंधू प्लांटच्या कोक ओव्हन खात्यातून रिटायर झालेला. फळ्यावर त्याच्याइतके फोटो कोणाचेच लागले नव्हते. केवलरामांनी त्याला बाकावर बसवलं, स्वतः समोर बसले आणि सरळ विनवणीच केली.

“चिंधू, मी कॅमेरा उचलतो. तू फक्त चहा पे. बाकी काही करू नको.”

“बिलकुल नाही करत जी.”

केवलरामांनी कॅमेरा उचलला. चिंधूनं उजव्या हातानं ग्लास धरला होता, म्हणून डावा हात डोक्यावर गेला.

“चिंधू!”

“मी काय करू साहेब? हात माहा ऐकतच नाही. तुमचा कॅमेरा वर आला का हात वर जाते. मी रिटायर झालो हे याले कोणी सांगतलंच नाही.” चिंधू स्वतःच खो खो हसायला लागला. “साहेब, माह्या लग्नाचा फोटू एकच आहे. पण बिनहेल्मेटचे? अल्बम भरन!”

केवलरामांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि चहा अर्धा टाकून निघाले. चिंधू त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. आपलं काय चुकलं हे त्या बिचाऱ्याला कळेना.

घट बसायच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला. सुपेल्याचा रविवारचा बाजार म्हणजे माणसांचा पूर. केवलरामांनी मनाशी हिशेब केला, की एवढ्या गर्दीत आपल्याला कोण बघतो? वंदनाबाईही पिशवी घेऊन सोबत निघाल्या. “मले वांगे घ्याचे आहे,” त्या म्हणाल्या. वांगी बोरसीलाही मिळतात, पण ते असो.

बाजारात शिरल्यावर केवलरामांच्या लक्षात आलं, की गर्दीतही माणसं डोकी चाचपतातच. पण त्याच वेळी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बाजाराच्या तोंडाशी देवीच्या मांडवाचं काम चाललं होतं. बांबू उभे झाले होते, आडवे बांधले गेले होते, कापड अजून चढायचं होतं. वरून बघितलं तर ताडपत्र्यांच्या फटींतून पडलेलं ऊन, दोऱ्यांच्या सावल्या आणि त्यांतून चालणारी माणसं, असं काही दिसेल की वेणीवाला मास्तरही तोंडात बोट घालेल. आणि मुख्य म्हणजे वर बघतो कोण?

पुढं जे झालं ते हात दाखवून अवलक्षण म्हणतात त्यातलं. ज्यानं आयुष्यभर लोकांना शिडीवर चढायचं कसं हे शिकवलं, तो मनुष्य पायात रबरी चपला, डोक्यावर काही नाही, कमरेला काही नाही, अशा थाटात बांबूवर चढला. दोन पाय आणि एक हात, अशी तीन ठिकाणं नेहमी पक्की धरलेली हवीत, हा ‘थ्री पॉइंट’चा नियम त्यांनी अख्ख्या प्लांटकडून घोकून घेतला होता. आता त्यांचे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते, एक चपलेचा पाय आडव्या बांबूवर होता आणि दुसरा गुडघ्यात मुडपून उभ्या बांबूला गुंडाळलेला होता. हिशेब केला तर दीड पॉइंट भरत होता.

आधी मैनाबाईनं पाहिलं. मैनाबाई म्हणजे वंदनाबाईंची नेहमीची भाजीवाली. तिनं वांग्यांचा तराजू तसाच खाली टाकला. “ए दाई! साहेब गिर जाही!”

मग बाजार उसळला. केवलरामांचा डोळा कॅमेऱ्यात होता, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. पण कान उघडे होते.

“साहेब, बेल्ट कुठं आहे?”

“सर, हेल्मेट! हेल्मेट!”

“थ्री पॉइंट, लांजेवार साहब! थ्री पॉइंट!”

केवलरामांच्या कानशिलांना घाम फुटला. बांबू करकरला. ते तोंड बांबूकडे करून, पोटानं त्याला घासत, कसेबसे खाली सरकू लागले. जमिनीला पाय लागले आणि सगळा बाजार एकदम हसला. टाळ्याही पडल्या. कोणीतरी ओरडलं, “सोमवारी फळ्यावर लागते आता!” त्यावर आणखी मोठा हशा झाला.

केवलरामांनी कोणाकडे बघितलं नाही. शर्टावरची माती झटकली, गर्दीतून वाट काढली आणि तडक स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. मागून चिंधू ‘साहेब, साहेब’ करत आला होता, त्यालाही त्यांनी हातानंच थांबवलं. वंदनाबाई पिशवी सांभाळत आल्या तेव्हा ते हेल्मेट घालून, काच खाली ओढून बसले होते. काचेमागचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी वरून काढलेला फोटो बघितला. तो हलला होता. ऊन, दोऱ्या, माणसं, सगळ्यांचं पिठलं झालं होतं.

“अंकुरले फोन कर,” ते म्हणाले. “तीन खोल्याईचं घर घे म्हणा.”

“मी पण एक फोटू काढला आहे तुमचा. मोबाइलवर. पाहून त घ्या.”

“माही फजिती मले दुसऱ्यांदा पाहायची नाही. सगळा बाजार हसला, वंदना. इतके वर्सं मी यायच्यासाठी... जाऊ दे. आपलं इथं कोणी नाही. पोरगा खरं बोलून राहिला होता.”

वंदनाबाईंनी मोबाइल देवळीत ठेवला आणि वांगी चिरायला घेतली. वांगी चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही, पण त्या दिवशी आलं.

संध्याकाळी दिवेलागणीला केवलरामांनी तो मोबाइल उचलला. बघायला नव्हे, फोटो पुसून टाकायला. न जाणो, बायको तो बहिणीला पाठवायची आणि दुर्गभर व्हायचा. त्यांनी फोटो उघडला. वंदनाबाईंनी मैनाबाईच्या दुकानापासून काढलेला. सगळीकडे नुसती रंगांची झुंबड. निळ्या ताडपत्र्या, लाल-हिरवे पुढाऱ्यांचे फलक, झेंडू, प्लास्टिकच्या बादल्या, आणि मधोमध वर बांबूला चिकटलेला एक मनुष्य. दुसरं काही कळत नव्हतं. ‘फोटूची अक्कल नाही बायकोले,’ ते पुटपुटले. आणि जित्याची खोड, पुसायच्या आधी बोटांनी सवयीनं रंग काढून टाकला.

रंग गेला आणि खालची माणसं वर आली.

एवढा वेळ ती निळी ताडपत्री बाजारातलीच कुठलीशी वाटली होती. ती दुकानावर टांगलेली नव्हती. ती बांबूच्या खाली, बरोबर केवलरामांच्या खाली, झोळीसारखी ताणून धरलेली होती, आणि तिच्या फिक्या कडेवर चारी बाजूंनी काळी बोटं आवळलेली होती. मांडवाची पोरं, बादल्या विकणारा, दोन कॉलेजच्या मुली, कोणाच्या तरी मनगटावर प्लांटच्या पासाची दोरी. चिंधू नंदेश्वरनं बांबूला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, डोळे घट्ट मिटून. पॉवर हाउसचा तो न्हावीही बाजाराला आलेला दिसत होता. त्यानं आडवा बांबू खांद्यावर तोलला होता. आणि मैनाबाई टाचा उंच करून, जमेल तितका हात लांबवून, केवलरामांच्या पँटचं टोक धरून होती.

केवलराम एकेक हात बघत राहिले. इतक्या हातांतला एकही हात स्वतःच्या डोक्यावर नव्हता.

“वंदना,” त्यांनी हाक मारली. “हे यायनं ताडपत्री कधी धरली?”

“तुमी वर दीड पायावर होते तवा. तुमी बांबूकडे तोंड करून उतरले, पाय टेकाच्या आत त्यायनं ते बाजूले घेतली. तेच त मी दाखवून राहिली होती सकाळपासून.” वंदनाबाई हात पुसत बाहेर आल्या. “नाही त नवरा लटकून असताना मी फोटू काढत बसली असती का? खाली तिरपाल पाहिली, मंग म्हटलं, आता पडले तरी चालते.”

“आणि मंग ते हसले कावून?”

“जीव भांड्यात पडला म्हणून हसले. रडाचं होतं का त्यायनं?”

केवलरामांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. वंदनाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि मोबाइल आपल्याकडे ओढून फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघू लागल्या.

“पण एक गडबड आहे,” त्या म्हणाल्या. “तुमाले न घाबरलेला माणूस पायजे होता. यायच्यात त एकही तसा नाही. पाहा ना, सगळ्याईची पाचावर धारण बसली आहे. हा चिंधू त देवाचं नाव घेऊन राहिला. शर्तीनं पाहिलं त आपल्याले पुण्याले जा लागते.”

हे त्यांनी चिडवायलाच म्हटलं होतं, पण म्हणताना त्यांची बोटं मोबाइलवर घट्ट झाली होती. केवलरामांनी ते पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी बायकोच्या हाताकडे पहिल्यांदाच बघितलं.

“तुले जायचं नाही ना?”

“नाही,” वंदनाबाई म्हणाल्या. “बिलकुल नाही जायचं मले. पण तुमी इथं एकटे पडले असते त आली असती.”

केवलरामांनी अंकुरला फोन लावला. तिकडून ‘हाँ बाबा, बोलिए’ झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि मीटिंगमध्ये बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, “दोन खोल्याईचं घे. आमी येऊ पाहुणे म्हणून, दिवाळीले. इथं आमचं कोण आहे म्हणत होता ना तू? तुह्या आईनं एक फोटू काढला आहे. पाठवतो. मोजून घे.”

सोमवारी सकाळी ते सेक्टर दहाच्या चहाच्या ठेल्यावर गेले. काळ्या-पांढऱ्या फोटोची मोठी प्रत त्यांनी काढून आणली होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं ठेल्याच्या फळीवर चिकटवली आणि वर जाड पेनानं, जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं, ‘असुरक्षित काम’. खाली, आजवर कधी लिहिलं नव्हतं ते नावही लिहिलं: के. आर. लांजेवार, सेफ्टी.

तासाभरात ठेल्यावर ही गर्दी. ज्यांचे ज्यांचे फोटो कधीकाळी फळ्यावर लागले होते ते सगळे व्याजासकट वसूल करत होते. केवलराम मधोमध बाकावर बसून ते ऐकत होते. हसत होते.

“साहेब,” चिंधू म्हणाला, “माहा या फोटूत चेहरा चांगला नाही आला. डोळे बंद आहे. एक दुसरा काढा ना.”

केवलरामांनी कॅमेरा उचलला. चिंधूचा हात सवयीनं वर निघाला, अर्ध्यात त्याच्या लक्षात आलं, तो ओशाळला आणि हात खाली घ्यायला लागला.

“राहू दे, चिंधू,” केवलराम म्हणाले. “हात राहू दे तिथंच.” आणि त्यांनी फोटो काढला.